दसऱ्याला न फिरवलेलं यंत्र

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी दसरा आला की माझं तुमच्याशी भांडण सुरू होतं. तुम्ही होतात तेव्हा बापापुढे तोंड उघडायची प्राज्ञा नव्हती. आता ऐका.

कल्याणच्या आपल्या पत्र्याच्या कारखान्यात तुम्ही विणकरांसाठी कांड्यांवर सूत भरायचं यंत्र केलं होतंत. सूत तुटलं की आपसूक थांबायचं. एवढीशी करामत, पण तिच्यापायी आईची किती जेवणं गार केलीत! भिवंडीचे विणकर म्हणायचे, "मिस्त्री, अशी आणखी बनवा की." बनवायला भांडवल कुठलं? स्वराज्य आलं होतं, भांडवल यायचं होतं. मग कळलं, एक विलायती कंपनी मुंबईच्या शेठबरोबर ठाण्याला यंत्रांचा कारखाना काढतेय आणि तिचा साहेब तुमचं यंत्र बघायला येणार. पसंत पडलं तर तेच तिथे घडणार होतं. तुम्ही रोज यंत्र पुसताय, रोज वाट बघताय, आणि साहेब उगवला तो नेमका दसऱ्याला!

यंत्राला हळदकुंकू लागलंय, झेंडूची माळ घातलीय. शेठ म्हणतो, "मिस्त्री, पाच मिनिटं फिरवा. साहेब आजच्या विमानानं चाललेत." तुम्ही हात जोडता. "आज हत्यारांना विसावा. उद्या या, दिवसभर चालवून दाखवतो." आई दाराआडून कळवळली, "अहो, आपलंच यंत्र, आपलाच देव. रागावणार आहे का तो?" "रागावत नाही म्हणून काय त्याला राबवायचं?" असं म्हणून तुम्ही साहेबाच्या हातावर आपट्याचं पान ठेवलंत. तो हसून काहीतरी बोलला. शेठनं सांगितलं, "म्हणतात, निजलेलं यंत्र बघून मी काय करू?" आणि दोघं गाडीत बसून गेले.

पुढे खोक्यांतून विलायती यंत्रं आली. विणकरांनी तीच घेतली. त्यांचा तरी काय दोष? आपल्या कारखान्याला कुलूप लागलं, तुम्ही त्याच कंपनीत दुरुस्तीला लागलात. सूत तुटलं तरी ती यंत्रं फिरतच राहतात, सुधारून देतो, असं तुम्ही एकदा वर सांगून पाहिलंत. "नकाशाप्रमाणे करा," एवढंच उत्तर आलं. पुढच्या दसऱ्याला संध्याकाळी घरी आलात ते काळ्या, तेलकट हातांनी. आईनं विचारलं, "आज पण चालू?" "चालूच असतं तिथे," म्हणालात आणि श्रीखंडाचं ताट बाजूला सारलंत. अण्णा, तुम्ही त्या दिवशीच संपलात. नंतर घरी यायचा तो नुसता पगारी माणूस. त्याला काही सुचत नसे, आणि सुचलं तरी तो बोलत नसे. आठवलं की अजून जीव जळतो माझा.

नात्यातले आजही म्हणतात, काय तत्त्वाचा माणूस होता! मी मान डोलावते, वर दोन शब्द आपलेही घालते. हा कागद कुठे धाडणार, राहील कपाटात. म्हणून इथेच सांगते. फिरवायला हवं होतंत, अण्णा.