सुगम, सुरम्य, सुशीतल

१० फेब्रुवारी
पोचलो. सहा तासांच्या बसप्रवासाने मणक्यांचा समासविग्रह केला, पण गाव पाहून सगळी पदं पुन्हा जुळली. दगडी वेस, बुरूज आणि बुरुजावर वाळत घातलेल्या चादरी! इतिहासाचा इतका घरगुती उपयोग प्रथमच पाहिला. गावाबाहेर खोल घळ, घळीत धबधबा. उतरलो आहे त्या घराच्या मालकीणबाईंनीच पत्र टाकून बोलावलं : बारा वर्षांपूर्वी या गावावर लिहिलंत, आता एकदा या, भाऊजी. खोलीत टेबलाच्या वर माझ्या त्या लेखाचं कात्रण, चौकटीत बसवलेलं! एका ओळीखाली लाल रेघ : ‘घळीतली वाट सुगम, सुरम्य, सुशीतल.’ अनुप्रास अजून शिळा झालेला नाही.

मी इथे पहिल्यांदाच येतोय, हे बाईंना सांगितलं नाही. लेख कचेरीत, पंख्याखाली बसून लिहिला होता.

११ फेब्रुवारी
गाव थट्टेखोर आहे. न्हाव्याने गालाला साबण लावता लावता विचारलं, वाट सुगम ना हो साहेब? वाण्याने तेच, शिंप्याने तेच. मी हसून दाद दिली. हसणारा मी एकटाच होतो, हे मागाहून लक्षात आलं.

दारापासून टेबलापर्यंत ओली पावलं. एक जोडी मोठी, एक अगदी लहान. छत गळतं का, विचारलं. बाई म्हणाल्या, नाही हो, छत चांगलं आहे.

१२ फेब्रुवारी
बाईंनी चहा देता देता सांगितलं. त्याही मूळच्या इथल्या नव्हेत. माझा लेख वाचून सुट्टीला आल्या होत्या. यजमान शाळामास्तर, लेक सात वर्षांची. बाईंची टाच दुखत होती म्हणून त्या वर थांबल्या. घळीत उतरणाऱ्या त्या दोघांना गावकऱ्यांनी अडवलं, तर मास्तरांनी कात्रण दाखवलं. छापून आलंय, म्हणाले. छापलेल्या शब्दावर फार विश्वास माणसाचा. दोघंही सापडले नाहीत. बाई परत गेल्याच नाहीत.

म्हणालो, मी ‘दुर्गम’च लिहिलं होतं, छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याने घोटाळा केला.

बाईंनी कपबशी उचलली. मग म्हणाल्या, असं होय? मग दुरुस्ती लिहून द्या, भाऊजी. घळीत, त्या जागेवर उभं राहून.

१३ फेब्रुवारी, सकाळ
बॅग घेऊन निघालो. तिकीटवाला मान वर न करता म्हणाला, बस नाही. चालत जा, वाट सुगम आहे.

वेशीकडे चाललो, घळीपाशी पोचलो. दुसरी गल्ली धरली— पुन्हा घळ. मागे ओली पावलं. आता ती माझ्यापुढे—

दुपार
घळीतल्या कपारीत उभा आहे. वीतभर जागा. कसा उतरलो, आठवत नाही. बाई वर, काठावर.

‘दुर्गम’ लिहिलं. तुषारांनी शाई ओघळली, उरलं ‘सुगम’. तीनदा.

कानाशी मास्तरी आवाज : खरं लिहा. मनगटावर गार, इवलासा हात.

लिहितो. मी इथे आलो नव्हतो. खिळे जुळवणाऱ्याचा दोष नाही. शब्द माझा. केवळ कानाला गोड लागला म्हणून—

हे ओघळलं नाही. मनगटावरचा हात सुटला.

बाई वरून हाक मारतायत. झालं, भाऊजी, आता या वर, वाट सुगम आहे.

वर बघतो तर वाटच ना—