सतरंजीखालचं चेंबर

अक्षता,

तुझा फोन लागेना, म्हणून ही चिठ्ठी. सकाळी हेल्पलाइनला तुंबलेल्या गटाराचं सांगितलं, तर दुपारीच माणसं आली की! गाळ काढला, फुटकं झाकण काढून नेलं आणि उघड्या चेंबरभोवती दोरी बांधून गेली.

बसम्मा आत्ताच सांगून गेली, मंडळाच्या पोरांनी ती दोरी सोडून वर कीर्तनाची सतरंजी अंथरलीय, अगदी बुवांच्या पुढ्यात.

हेल्पलाइनच्या पोरीला परत फोन केला. "आजी, नवं झाकण घेऊन निघालेत," म्हणाली. ते आपल्या दारात येतील, त्यांना तसंच मांडवात धाड.

मी पळते. मृदंग सुरू झालाय, देवा सांभाळ.

तुझे मामंजी पहिल्या रांगेत जागा धरायला कधीच गेलेत, आणि त्यांचा मोबाइल इथं देव्हाऱ्यापाशी वाजतोय.

— आत्याबाई