दोन एफ, एक खिळा

आबा, परवा नात शाळेची वही घेऊन माझ्यापुढे बसली आणि म्हणाली, "आजी, ऑफिसमध्ये दोन एफ कशाला? ऐकू तर एकच येतो." आयुष्यभर धुळ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवलंय, त्यामुळे सवयीने तिला एक नियम सांगून टाकला. तिचं समाधान झालं, माझं झालं नाही. खरं उत्तर तुम्ही दिलं असतंत, तेही तोंडाने नाही, चिमटीत छपाईचा खिळा धरून. तुम्हाला जाऊन पस्तीस वर्षं झाली, तरी त्या दिवसापासून तुमच्याशी मनातल्या मनात बोलतेच आहे. म्हटलं, लिहूनच काढावं.

जळगावच्या त्या छापखान्यात तुम्ही मराठीचे कंपोझिटर. लग्नपत्रिका, हँडबिलं, बाजार समितीचे फॉर्म हे तुमचं रोजचं काम. इंग्रजी खिळ्यांची एकच जुनी केस, म्हणजे खणाखणांची पेटी, होती कोपऱ्यात, आणि तिच्या एका अरुंद खणात ते दोन एफचे खिळे असायचे. एफचं डोकं पुढे वाकलेलं असतं, दोन एफ शेजारी बसवले की डोकी आपटून मोडतात, म्हणून दोन्ही एफ एकाच खिळ्यावर ओतलेले येतात, हे मला आठवीत असताना तुम्ही दाखवलंत. "हाई इंग्रजनं जोडाक्षर शे," असं म्हणालात. तुम्हाला इंग्रजी वाचता यायचं ते उलटं, आरशातलं, आणि अर्थ एकाही शब्दाचा माहीत नव्हता. तरी तुमच्या जुळवणीत चूक म्हणून सापडायची नाही. त्याच वर्षी गिऱ्हाइकाने लिहून आणलेल्या एका इंग्रजी पत्रिकेतली चूक मी त्याच्यासमोरच मोठ्याने दाखवली होती. गिऱ्हाईक गेल्यावर तुम्ही म्हणालात, "शब्द त्यांचे, खिळे आपले. आपण लावायचं, बदलायचं नाही. पुन्हा असं बोलायचं नाही." तुम्ही मला रागावलेले मोजून दोनतीनदा असतील, त्यातलं हे एक. मी घरापर्यंत मान वर केली नव्हती.

मी नववीत असताना धुळ्याकडच्या एका नव्या कॉलेजचं वार्षिक अंकाचं काम आलं. छापखान्याच्या मालकांना, शेटजींना, केवढा आनंद! कॉलेजचं काम म्हणजे दरवर्षीचं काम. सगळा अंक मराठी, फक्त प्राचार्यांचं मनोगत दोन पानं इंग्रजीत. शनिवारी अर्धी शाळा करून मी तुमचा डबा घेऊन येते, कळण्याची भाकरी आणि भरीत, तर तुम्ही खिळे जुळवायची स्टिक हातात धरून नुसते बसलेले. उद्या कॉलेजचा समारंभ, संध्याकाळच्या एसटीने अंक पाठवायचे, आणि शेटजी बोदवडला पुतणीच्या लग्नाला गेलेले.

"काय झालं आबा?"

"जोड एफ सरी गयात," तुम्ही म्हणालात. "बाराच व्हतात. पहिल्या पानातच गयात. दुसऱ्या पानात आखो सात शेतस."

संपलेले खिळे पुण्याहून मागवायचे तर आठवडा जाणार. दोन्ही पानं मशीनवर एकदमच चढायची, म्हणून पहिलं पान सोडून त्याचे खिळे परत घ्यायचीही सोय नाही. मी कागद हातात घेतला. प्राचार्यांचं इंग्रजी म्हणजे लांबच लांब आगगाडी, आणि दर दोन डब्यांमागे दोन एफ. डिफिकल्टीज. सफिशियंट. एफर्ट्स. ऑफरिंग. अफिलिएशन. अफेक्शन. स्टाफ. माझ्या तोंडून निघून गेलं, "डिफिकल्टीज म्हणजे अडचणी. ट्रबल्स चालेल. त्यात एकही एफ नाही."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. ते बघणं मला अजून दिसतं आहे. समोर मुलगी उभी आहे, मागे वीस वर्षांचा तुमचा नियम उभा आहे, आणि मशीनवरचा माणूस हात पुसत विचारतो आहे, "आबा, पान कधी मिळेल?" तुम्ही डब्याकडे पाहिलंत, घड्याळाकडे पाहिलंत, आणि हळूच विचारलंत, "अर्थ तोच ऱ्हाई ना, पोरी?"

"तोच राहील."

मग आपण दोघं बसलो. मी शब्द सांगते, तुम्ही अक्षर अक्षर विचारून लावता. सफिशियंटचं इनफ झालं, एफर्ट्सचं वर्क, ऑफरिंगचं गिव्हिंग, स्टाफचं टीचर्स. प्रत्येक शब्द आखूड होत होता आणि तुमचा चेहरा मोकळा होत होता. "हाई तं बठ्ठं सोपं शे! मंग त्यानी इतलं लांब काबर लिखं?" असं विचारलंत तेव्हा मी इतकी हसले की मशीनवाला डोकावून गेला. अफिलिएशनला मात्र मला दुसरा शब्द सापडेना. तुम्ही म्हणालात, "खणं चाळ, चुकून दुसऱ्या खणात पडेल असतीन." मी चाळले, शेजारच्या खणात एक सापडला, तो अफिलिएशनला गेला. अफेक्शनचं लव्ह झालं. एसटी निघायच्या आधी गठ्ठे टपावर चढले, आणि घरी जाताना तुम्ही मला मेहरूणची बोरं घेऊन दिलीत, ओंजळभर.

पुढच्या शनिवारी मी डबा घेऊन आले तर प्राचार्य स्वतः शेटजींसमोर उभे. उंच, कोट घातलेले, हातात अंक. मी कागदाच्या रिमांमागे सरकले.

"माझे शब्द कोणी बदलले?"

शेटजींचा चेहरा पडला. तुम्ही स्टिक खाली ठेवलीत, हात धोतराला पुसलेत आणि पुढे झालात. "मी बदलले, साहेब."

"तुम्हाला इंग्रजी येतं?"

"अक्षरं येतात."

"मग सफिशियंटच्या जागी इनफ कुठून आणलंत?"

तुम्ही माझ्याकडे नजर वळवली नाहीत, एकदाही नाही. मग खणातले खिळे संपल्याचं सांगितलंत, बदललेले सहाही शब्द एकामागोमाग म्हणून दाखवलेत, जुने आणि नवे, पाठ. "चूक माझी. शेटजी गावाला होते. काम बंद करू नका, साहेब. माझा पगार कापा."

प्राचार्यांनी अंक उघडून एक ओळ मोठ्याने वाचली आणि मराठीत सांगितली. "मी लिहिलं होतं, सर्व कर्मचारीवर्गाविषयी मला आपुलकी वाटते. तुम्ही छापलंत, माझं सर्व शिक्षकांवर प्रेम आहे. आमच्याकडे दोन शिक्षिका आहेत. समारंभात हे अंकातून वाचून दाखवल्यापासून घरी मला चहा मिळालेला नाही!"

एवढं बोलून ते स्वतःच हसायला लागले, कोट हलेपर्यंत. कॉलेज काढणारे पंच सगळे शेतकरी, थोडंफार इंग्रजी शिकलेले. भाषण संपल्यावर ते प्राचार्यांना म्हणाले होते, साहेब, आज पहिल्यांदा तुमचं इंग्रजी समजलं. ते सांगून प्राचार्यांनी शेटजींना बजावलं, "पुढच्या वर्षीही काम इथेच. पण आधी खिळे मागवा."

घरी आईला ही हकिकत सांगताना आपण दोघं लोळायचे बाकी होतो. "इतलं काय हासी राह्यनात?" ती विचारायची, आणि पुन्हा पहिल्यापासून. त्यानंतर तुम्हाला नादच लागला. रद्दीत कुठेही दोन एफचा लांबलचक शब्द दिसला की तो फाडून खिशात घालून आणायचात आणि माझ्यापुढे ठेवायचात. मी आखूड शब्द सांगायचा. जमलं नाही की तुम्ही लहान मुलासारखे खूश. मी इंग्रजीच घ्यायचं, हे त्या चिठोऱ्यांनी ठरवलं.

पुढच्या वर्षीच्या मनोगताच्या समासात प्राचार्यांनी पेन्सिलीने लिहिलं होतं, "एफ कमी पडल्यास मुलीला विचारावे." मला धक्काच बसला. त्यांना कसं कळलं, असं विचारल्यावर तुम्ही केसवर वाकलात आणि खिळे लावत राहिलात. पुढे शेटजींनी सांगितलं. प्राचार्य अंक घेऊन आले त्या दिवशी मी घरी गेल्यावर तुम्ही एसटी स्टँडपर्यंत प्राचार्यांच्या मागे गेला होतात. गुन्हा तुम्ही स्वतःवर घेतलात, पण शब्द माझे होते हे मात्र तुमच्याच्याने लपवून ठेववलं नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहिते. खण चाळताना मला एक नाही, दोन खिळे सापडले होते. दुसरा मी मुठीत धरून ठेवला. अफेक्शन जसंच्या तसं लागलं असतं, प्राचार्यांना चहाही मिळाला असता. पण आबा, मी चौदा वर्षांची होते, आणि लव्ह हा शब्द आपल्या घरात कोणी उच्चारायचा नाही. तो मला एकदा तुमच्या हाताने लागलेला बघायचा होता.