नाक आभाळाकडे

पिंप्राळा, जळगाव
७ जानेवारी २०२४

ती. स्व. प्रेमराजमामांस,
मोहिनीचा सा. न. वि. वि.

तुम्हाला फोन केला की तुम्ही अर्धं ऐकता आणि उत्तर भलतंच देता. मागच्या वेळी मी परीक्षेचं विचारलं, तर तुम्ही मला भरिताची वांगी कशी निवडायची ते सांगितलंत. कानाचं यंत्र मामीने कपाटात जपून ठेवलंय म्हणे, दागिन्यांच्या शेजारी. तेव्हा पोस्टमनचाच भरवसा.

बातमी अशी, की मी वायुदलाच्या भरतीचा फॉर्म भरणार आहे. आईला सांगितलंय, ती दोन दिवस बोलली नाही, आता बोलते. दुसरी बातमी आईला सांगितलेली नाही. इथे कुसुंब्याला विमानतळाच्या कुंपणापाशी दर रविवारी विमानं बघायला आम्ही पाच-सहा जण जमतो. चंदन बँकेत आहे, त्याच्या पोटरीवर प्रवासी विमान गोंदलेलं आहे, चाकं उघडलेलं. ज्योतीताई नर्स आहे, तिच्या मनगटावर हेलिकॉप्टर. हे सगळं आमच्यातल्याच नवीनने काढलंय. त्याचं रिंग रोडला टॅटूचं दुकान आहे आणि तो स्वतःच मानेपासून कोपरापर्यंत विमानतळ होऊन बसलाय.

मलाही काढायचंय. कोणतं ते तुम्ही ओळखलंच असेल. गोंदूरच्या धावपट्टीवरचं आपलं शिकाऊ विमान, ज्याच्यासाठी तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचात. चित्राचा कागद सोबत जोडलाय. विमानाच्या अंगावरची नोंदणीची अक्षरं तुमच्या उड्डाणांच्या वहीतून बघून द्या. मनगटापासून कोपरापर्यंत, हाताच्या आतल्या बाजूला काढायचं ठरलंय. भरतीची तयारी करणारी पोरं सगळी तिथेच काढून घेतात, असं नवीन म्हणाला. का, ते मी विचारलं नाही.

तुमचं माझ्यावरचं प्रेम असंच राहू द्या आणि यातलं काही आईच्या कानावर जाऊ देऊ नका.

तुमची भाची,
मोहिनी

*

देवपूर, धुळे
१२ जानेवारी २०२४

चि. मोहिनीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं, चित्र मिळालं, आणि चित्र बघून मला दुपारची झोप लागली नाही. पोरी, दहा वर्षं तू माझ्याबरोबर त्या पट्टीच्या काठाला बसलीस आणि पंख्याला तीन पाती काढलीस? आपल्या विमानाला दोनच. आणि पंख डोक्यावर असतात, पोटाखाली नाही. मी चित्र दुरुस्त करून परत पाठवतोय, अक्षरंही घातली आहेत. वहीत त्या विमानाची एकशे चौदा उड्डाणं लिहिलेली सापडली, त्यातली एकतीस तुझ्या अक्षरात आहेत.

आता मुख्य मुद्दा. जागा चुकली आहे. हात सरळ खाली सोडून आरशात बघ. मनगटाकडे नाक केलंस, तर विमान जमिनीवर आदळायला निघालेलं दिसेल. कोपराकडे केलंस, तर बगलेत घुसेल. विमानाचं नाक नेहमी माणसाच्या चालीच्या दिशेला पाहिजे, हा साधा नियम आहे. ते डाव्या दंडावर बाहेरून घे, नाक पुढे. तू स्कूटीवरून निघालीस की ते तुझ्याबरोबर उडेल. नवीनला सांग, भरतीची पोरं काय वाटेल ते करोत, त्यांना विमान आणि पतंग सारखेच. आपण जाणकार माणसं.

गोंदूरला माझ्या शेजारी दुर्बीण घेऊन बसतो तो रुपचंद, त्यालाही विचारलं. त्याचंही मत हेच पडलं. तुझ्या आईला, कोकिळेला, मी काही बोलणार नाही, पण तिला कळल्यावर मी गावाला गेलेलो असेन.

आशीर्वाद न मागता मिळतातच. जेवत जा.

तुझा मामा,
प्रेमराज

*

पिंप्राळा, जळगाव
२० फेब्रुवारी २०२४

ती. स्व. मामांस,
मोहिनीचा सा. न. वि. वि.

झालं. साडेतीन तास लागले. डाव्या दंडावर, बाहेरून, नाक पुढे, पाती दोन. तुम्ही सांगितलेली जागा ऐकून नवीन जरा घुटमळला होता, पण मी तुमचं पत्र त्याच्यापुढे ठेवलं. ते वाचून तो हसला आणि म्हणाला, असा मामा असल्यावर आपण काय बोलणार.

आईला चौथ्या दिवशी कळलं. कपडे वाळत घालताना बाही वर गेली. ती ओरडली नाही. तिने चिमटे खाली ठेवले, विमान नीट बघितलं आणि अहिराणीत एवढंच म्हणाली, की हाई बठ्ठं तुना मामानं करेल शे. म्हणजे सगळं तुमच्या माथी. मग म्हणाली की पंख बरोबर काढलेत. लहानपणी तुम्ही तिलाही तिकडे न्यायचात, हे मला पहिल्यांदा कळलं. तुमच्या वहीत तिचीही काही उड्डाणं असतील तर बघा.

रोज पहाटे धावते. लेखी परीक्षेचा अभ्यास चालू आहे. हे विमान दंडावर आल्यापासून मला खरंच वाटू लागलंय, की मी तिथे पोचेन.

लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नये.

मोहिनी

*

पिंप्राळा, जळगाव
९ जुलै २०२४

ती. स्व. मामांस,
मोहिनीचा सा. न. वि. वि.

हे पत्र तीनदा फाडलं, म्हणून उशीर झाला. लेखी परीक्षा पास झाले. धावण्यात दुसरी आले. वैद्यकीय तपासणीत नापास झाले.

डोळे चांगले, दात चांगले, छाती चांगली. दंडावरचं विमान नको. कायमचं गोंदण चालतं ते फक्त कोपरापासून मनगटापर्यंत, हाताच्या आतल्या बाजूला, नाहीतर तळहाताच्या मागे. तेवढ्याच जागा नियमात आहेत. फॉर्मबरोबरच्या माहितीपत्रकात ते छापलेलं होतं. मी अभ्यासक्रमाचं पान फाडून भिंतीवर लावलं आणि बाकीची पानं वाचलीच नाहीत. चूक माझी आहे.

पुढच्या भरतीला मी वयात बसते. त्यानंतर नाही. ती शेवटची संधी.

तुम्ही उगाच काळजी करू नका. मी बरी आहे. आईने तुमच्यासाठी केळीचे वेफर्स पाठवलेत, मीठ कमी आहे.

मोहिनी

*

देवपूर, धुळे
१४ जुलै २०२४

चि. मोहिनीस,
अनेक आशीर्वाद.

चूक तुझी नाही. पत्र फाडून फाडून तू माझं नाव त्यातून काढलंस, एवढं मला कळतं. तुझा नवीन बरोबर सांगत होता, आणि मी जाणकार. मी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये तेहतीस वर्षं काढली. गाडी कोणत्या घाटाला लागणार हे विचारल्याशिवाय कधी ब्रेकला हात लावला नाही. आणि भाचीच्या बाबतीत मात्र एकही प्रश्न न विचारता घरात बसून जागा ठरवून दिली, का, तर नाक पुढे पाहिजे. दोन दिवस गोंदूरला गेलो नाही. तुझी मामी लताबाई विचारते, तब्येत बरी नाही का. मी म्हणतो, ऐकू येत नाही.

आता एक मार्ग सांगतो. रुपचंदच्या ओळखीचा एक माणूस आहे, हिलाल म्हणून, तो दाखले काढून देतो. नियमात असं आहे म्हणे, की ज्यांच्या समाजात गोंदण्याची रीत आहे अशा आदिवासींना सूट मिळते. तो म्हणतो, कागद मिळून जाईल. चित्र विमानाचं आहे हे कसं समजवायचं ते तो बघेल. तू फक्त होकार कळव. तुझं एवढं नुकसान माझ्या हातून झालंय, ते भरून निघेपर्यंत मला चैन पडणार नाही.

तुझा मामा,
प्रेमराज

*

पिंप्राळा, जळगाव
१९ जुलै २०२४

ती. स्व. मामांस,
मोहिनीचा सा. न. वि. वि.

नाही. हे पहिलं लिहिते, म्हणजे खाली वाचलं नाहीत तरी चालेल.

चोपड्याला भरतीच्या तयारीच्या शिबिरात माझ्या खोलीत पुना पावरा नावाची मुलगी होती. सातपुड्यातल्या पाड्यावरची. तिच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण आहे, ती सात वर्षांची असताना आईने मांडीवर डोकं धरून काढून घेतलेलं. ती सूट तिची आहे. खोट्या कागदावर तिच्या शेजारी रांगेत उभी राहिले तर मला तिच्याकडे बघता येणार नाही. आणि मामा, विमानाच्या वहीत न बघितलेलं उड्डाण लिहायचं नाही, हा नियमही तुमचाच. मी आठ वर्षांची असताना एक खोटं लिहिलं होतं, तेव्हा तुम्ही पानावर काट मारायला लावली होती. हिलालला नाही म्हणून कळवा.

मी ते काढून टाकणार आहे. इथल्या त्वचेच्या डॉक्टरांना दाखवलं. लेझरने जातं. सहा वेळा जावं लागेल, मध्ये दीड-दोन महिन्यांची विश्रांती. जागेवर फिकट डाग राहील. दुखेल, असं त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. पहिली तारीख पाच ऑगस्ट आहे.

तुमच्यावर मी रागावलेले नाही. पहिले दोन दिवस होते. आता धावायला जायचंय, रागावून धावलं की दम लवकर लागतो.

तुमची माया आहे तशीच हवी आहे, फक्त सल्ले थोडे दिवस बंद ठेवा.

मोहिनी

*

पिंप्राळा, जळगाव
१२ जानेवारी २०२५

ती. स्व. मामांस,
मोहिनीचा सा. न. वि. वि.

सल्ले बंद ठेवा म्हटलं, तर तुम्ही पत्रंच बंद केलीत. पाच महिन्यांत एक पोस्टकार्ड, त्यावर हवामान.

चार वेळा झालं, दोन वेळा राहिल्या. रबर ताणून दंडावर सोडावा आणि त्याच जागी गरम तेलाचा शिंतोडा उडावा, तसं दुखतं. मग फोड येतात. आई रात्री उठून पंखा माझ्याकडे फिरवून जाते, तिला वाटतं मी झोपलेय. पहिल्यांदा अक्षरं गेली. मग चाकं. पंखा अजून दिसतो, दोन्ही पाती. तिसऱ्या वेळी नवीन बरोबर आला होता. स्वतःचं काम पुसताना बघणं सोपं नसेल, पण तो शेवटपर्यंत थांबला. कुंपणावरची मंडळी रविवारी माझ्यासाठी जागा धरून ठेवतात, आणि दंडाविषयी कोणी काही विचारत नाही. फक्त चंदनने एकदा पोटरी झाकायला लांब पँट घातली. मी त्याला परत पाठवलं, बदलून ये म्हटलं.

खरं सांगते. विमान जाताना मला रडू येतं. दुखतं म्हणून नाही. ते आपलं होतं म्हणून. पण विमानाजवळ जायचं असेल तर ते अंगावरून उतरवावं लागणार आहे, मग उतरवते.

नवीन सांगत होता, तुम्ही तुमच्या दुरुस्तीचा तो कागद त्याच्याकडून पोस्टाने मागवून घेतलात. वहीत चिकटवणार असाल तर चिकटवा.

आता हवामानाखेरीज काही लिहा.

मोहिनी

*

पिंप्राळा, जळगाव
१८ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. मामांस,
मोहिनीचा सा. न. वि. वि.

बोलावणं आलं. तीन डिसेंबरला निघायचं आहे, जळगावहून संध्याकाळच्या गाडीने.

तपासणीच्या दिवशीचं तुम्हाला लिहायचं राहिलं होतं. निकाल लागेपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं. डॉक्टरांनी टॉर्च लावून दंड बघितला. फिकट डाग आहे, हात फिरवला तर थोडा जाड लागतो. इथे काय होतं, त्यांनी विचारलं. मी म्हणाले विमान. कोणतं, म्हणाले. मी दोन आसनं, दोन पाती, डोक्यावर पंख, सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. कागदावर फक्त जुना व्रण असं लिहिलं आणि पुढच्या मुलीला बोलावलं. बाहेर येऊन मी पायरीवर बसले.

आई आता सगळ्यांना सांगते, की विमानांची आवड आमच्या माहेरची. मामीचा फोन आला होता. तुम्ही उन्हाळाभर पूर्ण बाह्यांचे शर्ट घालून फिरलात आणि विचारलं की थंडी वाजते म्हणालात, अशी तिची तक्रार आहे. मे महिन्यात, धुळ्यात. डॉक्टरला दाखवा.

निघण्याआधी तुमचं पत्र यावं एवढीच इच्छा. आशीर्वाद तुम्ही न मागता देता, तरी या वेळी मागते.

मोहिनी

*

देवपूर, धुळे
२४ नोव्हेंबर २०२५

चि. मोहिनीस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र लताबाईने मोठ्याने वाचलं, मग मी वाचलं, मग गोंदूरला नेऊन रुपचंदला वाचायला दिलं. तो डोळे पुसत होता आणि सांगत होता की धूळ गेली. मला अभिमान वाटतो, हे तुला या आधी कधी लिहिलं नाही. आज लिहितो.

थंडीचं खरं सांगतो. तू तुझ्या दंडावरून विमान उतरवायला लागलीस, तेव्हा मला एकच सुचत होतं, की ते उतरेल कुठे. वहीत एकशे चौदा उड्डाणं, आणि ते नाहीसंच व्हावं हे बरं नाही. मार्चमध्ये तुला न सांगता जळगावला आलो आणि नवीनच्या दुकानात जाऊन बसलो. सहासष्ट वर्षांचं गिऱ्हाईक बघून त्याने आधी रक्तदाब मोजायला पाठवलं. कागद तोच, अक्षरं तीच, पाती दोन. जागा मात्र मी त्याला ठरवू दिली. त्याने ती सांगितली तीच, मनगटापासून कोपरापर्यंत, आतल्या बाजूला. नाक तळव्याकडे. लताबाईला परवा दाखवलं. तिने वरणाची पळी तशीच हातात धरून पाच मिनिटं बघितलं आणि मग यंत्र कपाटातून काढून माझ्या कानात घातलं, म्हणजे पुढचं नीट ऐकू यावं.

रुपचंद मला हसतो. हात खाली सोडला की विमान जमिनीवर आदळायला निघतं, तुझाच नियम तुलाच लागला, म्हणतो. बरोबर आहे त्याचं. तुला जागा सांगताना मी फक्त खाली सोडलेल्या हाताचा विचार केला होता. हात वरही करता येतो, हे मला तेव्हा सुचलं नाही.

तीन तारखेला आम्ही दोघं जळगावला येतो. कोकिळेला सांग, डबा मी आणीन, तिने रडायचं काम करावं. गाडी हलली की खिडकीतून फलाटाकडे बघ. मी उजवा हात वर केलेला असेल, नाक आभाळाकडे. शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत मी तो खाली घेणार नाही.

लोभ तुझ्याबरोबर पाठवतो आहे, जपून वापर. तिथे पहिलं विमान बघशील त्याची अक्षरं कळव. वहीचं नवं पान आखून ठेवलंय.

तुझा मामा,
प्रेमराज