सहाशे सोरे आणि एक टेबल

चि. मुकुंदास,

जुन्या हुबळीहून इंदूअक्काचे पोतंभर आशीर्वाद. गुडघा कसा आहे? (तेल रोज लावायचं असतं, नुसती बाटली उशाशी ठेवून भागत नाही.) इकडे सगळे खुशाल, आणि मी तर चक्क विजयी आहे.

कोप्पीकर रोडच्या एका व्यापाऱ्यानं दिवाळीआधी, बावीस दिवसांत, चकलीचे सहाशे पितळी सोरे मागितले होते. उशीर झाला तर पुढं दुसरीकडून घेणार, म्हणजे आपल्या कारखान्याला कुलूपच. आमची मजल दिवसाला पंचवीस. म्हणून मी फर्मान काढलं की प्रत्येकानं रोज एक सुधारणा सुचवायची. आठ दिवस सगळी सुधारणा चहातच झाली. (आलं वाढलं, कप मोठे झाले, सोरे पंचवीसच.) मी जाम चिडले. तेव्हा चकत्या बसवणारी जयलक्ष्मी, जिनं वीस वर्षांत माझ्यापुढं तोंड उघडलं नव्हतं, ती खडू घेऊन उठली. कामातून जो उठेल त्यानं जाईल तिथवर जमिनीवर रेघ ओढायची, असं तिनं सुचवलं. मला कल्पना भलतीच आवडली. शनिवारी बघते तर सगळ्या रेघा माझ्याच टेबलाशी! कारण प्रत्येक सोऱ्या मी उजेडात धरून ‘हूं’ म्हटल्याशिवाय पुढं जात नसे.

“अक्का, सिट्टागब्याड्री, राग नका मानू,” जयलक्ष्मी म्हणाली, “पण तुमचं टेबलच काढू या.”

खरं सांगते, मला रडू आलं. (पितळेचा कण डोळ्यात गेला असं सगळ्यांना सांगितलंय.) पण टेबल मी स्वतः उचललं; दुसरं टोक लेथवरच्या बसप्पानं धरलं, जरा जास्तच उत्साहानं. आता प्रत्येकजण आधीच्याचं काम तपासून मगच आपलं सुरू करतो. दिवसाला बासष्ट! चार दिवस आधी माल पोचला, व्यापाऱ्यानं संक्रांतीनंतरचीही ऑर्डर दिली. सुधारणेचं फर्मान कुणी काढलं होतं? मी!

तुझी,
इंदूअक्का

ता. क. : सहाशेत एकच सोऱ्या परत आला. त्याला मी ‘हूं’ म्हटलं होतं. हे कुणाला बोलू नकोस.

आणखी एक : तुझ्या गिरणीत इंदूअक्काशिवाय काही चालेनासं झालंय, ताबडतोब या, असं एक पत्र कारखान्याच्या पत्त्यावर धाड. कन्नडमध्ये लिही, जयलक्ष्मीला मराठी वाचता येत नाही. मी येणार नाही, घाबरू नकोस.