शबानाच्या फोनसाठी माझी सही

काल्हेर, मंगळवार, १३ मार्च २००७

आजही सही केली नाही. पेन खिशातच होतं.

वरच्या खोलीतल्या भाडेकरू शबानाला फोनची लाइन हवी आहे, इंटरनेटसाठी. नवरा मस्कतला, त्याने मुलीला अजून पाहिलेलं नाही. अर्जासोबत घरमालकाचं, म्हणजे माझं, ना-हरकत पत्र लागतं. दादा म्हणतो, "बिल तिचे नावावर आला का पुरावा झाला. मंग खोली सोडल का ती?"

तिला म्हणालो, वकिलांना विचारतो. कुठले वकील?

"मग लाइन तुमच्याच नावावर घ्या ना, काका. बिल मी भरीन."

तरी "बघू" म्हणालो. का म्हणालो?

तिने पत्राची घडी घातली आणि वर गेली. अडचण बिलाची नव्हतीच, हे तिला माझ्याआधी कळलं.