गोजरबाईंची गाय आणि माझा डावा हात

प्रिय जहिरा,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही मोजून घे. अम्मींचे गुडघे कसे आहेत? आयतचा खोकला गेला का? फैयाजभाईंना सांग, त्यांनी हॉस्पिटलात आणून दिलेली लोकरीची टोपी मी भर उन्हातही घालते. टाक्यांचे व्रण झाकले जातात आणि गाई बुजत नाहीत.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू पहिल्याच वाक्याला रागावतेस. कागदावर रागवायचं तर शेवटपर्यंत वाचावं लागतं. तर वाक्य असं: मी सोमवारपासून कामावर रुजू झाले. (आता पाणी पी आणि पुढे वाच.)

डोक्यातली गाठ काढून साडेचारच महिने झाले, माहीत आहे. तू अकरा दिवस त्या लोखंडी स्टुलावर काढलेस आणि निघताना शपथ घातलीस, की डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाईगुरांच्या जवळ जायचं नाही. डॉक्टर हो म्हणाले. फक्त 'हलकं काम' म्हणाले. ते माणसांच्या डोक्याचे डॉक्टर, त्यांना काय ठाऊक की जनावरांच्या दवाखान्यात हलकं काम नसतंच. आमच्या साहेबांनी मात्र ते शोधून काढलं. खुर्चीत बसायचं आणि गुरांच्या कानातल्या बिल्ल्यांचे नंबर रजिस्टरात उतरवायचे. वर म्हणाले, ऑपरेशनपासून डावा हात चालत नसेल तर मॅडम, नगरच्या ऑफिसात बदली मागा, तिथे डोक्यावर पंखा आहे. बावीस वर्षं ज्या हाताने गाईच्या पोटातलं वासरू शोधलं, त्या हाताला पंखा दाखवतात, जहिरा. (तूही गुरांचीच डॉक्टर, तुझाही डावाच हात आत जातो, तेव्हा तुला कळेल. बाकी कुणाला सांगायला गेलं की लोक जेवण सोडून उठतात.)

पहिल्या दिवशी दवाखान्यात जनावरं चार आणि माणसं चाळीस. सगळ्यांना माझं डोकं बघायचं होतं. आमच्या गावाला ऑपरेशन कळतं ते एकच, गाईने वैरणीबरोबर गिळलेली तार पोट उघडून काढतात ते. शेजारच्या छबूबाईंनी माझी टोपी जरा वर करून विचारलं, "तार हुती का खिळा?" गाठ होती म्हटलं तर पटेना. "लिंबायेवढी गाठ डोस्क्यात शिरलीच कुठनं?" शेवटी कारभारीने समजूत काढली. (आमचा परिचर, बैलाला घाबरणारा, तुला आठवत असेल.) त्याची गाय म्हणे तार काढल्यावर दीड लिटर जास्त दूध द्यायला लागली. तेव्हापासून सगळं गाव माझ्याकडे फार अपेक्षेने बघतं.

आणि बुधवारी गोजरबाई आल्या. बांडी गाय लाकडी खोड्यात उभी केली आणि स्वतः माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. गाभण आहे का बघायचं होतं. साहेब तपासतील म्हटलं, तर म्हणाल्या, "सायबाला दावायची असती तर साहेब हायेत तवा आले नसते व्हय? तुमी हात घाला." साहेब जेवायला गेले होते. गाय कधी भरवली ते विचारलं, तर "मला काय म्हाईत? डॉक्टरीन तुमी का मी?" जी बाई गोठ्यातल्या प्रत्येक वासराची जन्मवेळ घड्याळ न बघता सांगते, तिला एवढं आठवू नये. (मी विसरण्यावर बोलू नये. ऑपरेशनच्या आधीचा पंधरवडा गाठीबरोबरच निघून गेलाय.) कारभारी दारात पहाऱ्याला उभा राहिला. मी खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला. काय सांगू तुला, ती ऊब लागली आणि माहेरी पोचल्यासारखं झालं. मग बोटांखाली ती थरथर आली, गाभण गाईच्या रक्तवाहिनीची, मोटार सुरू झाल्यावर पाइपावर हात ठेवावा तशी. "पाच महिने," मी इतक्या मोठ्याने म्हणाले की गाईनेसुद्धा मान वळवली. कारभारीने टाळी वाजवली, आणि तेवढ्यात साहेबांची गाडी दिसली म्हणून डास मारल्याचं सोंग केलं. गोजरबाई फक्त "बरं" म्हणाल्या.

पण त्या 'बरं'ची गावभर दवंडी झाली. आज दवाखान्याबाहेर सात गाई, सगळ्या माझ्याच हातासाठी. त्यांना सोमवारी बोलावलंय. साहेबांनी रजिस्टर स्वतःकडे ओढलं. तेव्हा हात पहिल्यासारखा झाला आहे, काळजी नसावी.

तुझी,
वैजयंता

ता. क. खरं सांगते. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अजून झोपलेलीच आहेत. ती थरथर गाईची होती की माझ्या हाताची, हे मला कळलं नाही. रविवारी जेवायला ये. सगळ्यांना जेवायलाच आले म्हणून सांग, मोजा पर्समध्ये आण. गोजरबाईंच्या गोठ्यात गाय तूच तपास. रिकामी निघाली तर तिथे काही बोलू नकोस, फक्त त्यांचा चहा नको म्हण. मी समजेन आणि बदलीचा अर्ज लिहीन.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायच्या आधी जुनी नोंदवही उघडली. बरोबर पाच महिन्यांपूर्वी, त्या हरवलेल्या पंधरवड्यात, गोजरबाईंची बांडी गाय भरवल्याची, कृत्रिम रेतनाची नोंद. अक्षर तिरकं, सही माझी. तशीच त्यांच्या गोठ्यावर गेले. त्या शेण भरत होत्या. म्हटलं, मावशी, तुम्हाला सगळं माहीत होतं. "व्हय. गाय पुन्हा माजावर आली न्हाई तवाच कळलं," त्या म्हणाल्या, "गाईचं कुठं बघायचं हुतं? तुमचं बघायचं हुतं."

महिना मात्र मला कुणी सांगितला नव्हता, जहिरा. तो हातानेच सांगितला.

तरीही रविवारी ये, मोजा घेऊनच. सोमवारच्या सात गाईंच्या मालकांना खरोखरच काही माहीत नाही. सरावाला गोजरबाई बांडी गाय देणार आहेत, आणि चहाला नाही म्हणायचं नाही.